बिल्ला नसलेली माणसे

आमच्या कारखान्यात चपला बाहेर काढून आत जायच्या जागा दोनच होत्या. एक गेटाजवळचे मारुतीचे देऊळ आणि दुसरी कॉम्प्युटरची खोली. देवळात धूळ चालत असे, कॉम्प्युटरच्या खोलीत नाही.

मुलुंडला आग्रा रोडला लागून असलेला आमचा कारखाना म्हणजे लोखंडाची फाउंड्री. काळ्या वाळूचे साचे करायचे, त्यांत वितळलेले लोखंड ओतायचे आणि गार झालेल्या भागांना चिकटलेली वाळू छिन्नीने, ग्राइंडरने काढायची. या शेवटच्या कामाच्या शेडला फेटलिंग म्हणत. तिथली बारीक धूळ हिशेब खात्यापर्यंत यायची. माझ्या टेबलाच्या काचेवर दुपारी बोट फिरवले की रेघ उमटे. त्यामुळे १९८६ साली कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी आमच्या खात्याला लागून दुहेरी दाराची, काच लावलेली बंद खोली बांधली आणि एअर कंडिशनर बसवला.

त्या खोलीत सुलक्षणा धुरी बसे. पंचविशीची, सडपातळ, कमी बोलणारी. ती माझ्या खात्यात कारकून म्हणून आली, बी.कॉम. झालेली होती आणि टायपिंग स्वच्छ होते, म्हणून तिला अंधेरीच्या एका संस्थेत शिकायला पाठवले. परत आली ती ‘मशीनवाली’ होऊन. गार खोलीत तिला थंडी वाजे. खुर्चीच्या पाठीवर कायम एक तपकिरी स्वेटर असे. मुंबईत स्वेटर घालून काम करणारी बाई कारखान्याने पहिल्यांदाच पाहिली होती. कामगार काचेतून बघत आणि हसत.

तिचे काम मी शेजारी उभा राहून पुष्कळदा पाहिले आहे. पडद्यावर हिरवी अक्षरे. आधी सगळ्या टेबलांची नावे दिसत. टेबल म्हणजे आडव्या ओळी आणि उभे रकाने, आमच्या रजिस्टरासारखेच. एखाद्या नावावर जाऊन कळ दाबली की त्यातल्या ओळी पडदाभर समोर येत. खाली एक रिकामी ओळ असे. तिथे प्रश्न टाइप करायचा. भाषा इंग्रजी, पण ठरावीक साच्यातली: अमुक टेबलातले अमुक रकाने दाखव, जिथे अमुक अट पुरी होते. या प्रश्नाला ती क्वेरी म्हणे. खरी गंमत पुढे होती. दोन टेबलांत एक रकाना सामाईक असला की मशीन ती टेबले एकमेकांना जोडून उत्तर देई. आमच्याकडे हा सामाईक रकाना म्हणजे बिल्ला नंबर. प्रत्येक कामगाराला गेटावर दाखवायला पितळेचा बिल्ला होता. हजेरी, पगार, खाते, गाव, पत्ता, सगळे त्या नंबराला बांधलेले. माझ्यासारख्या खतावणीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही. खाते क्रमांक बरोबर असला की बाकीचे बरोबर येणारच, असे मी समजत होतो.

१९८७ च्या भाद्रपदात कारखान्यात क्षय शोधायला छातीचे फोटो काढणारी एक्स-रेची गाडी आली. तारीख हेड ऑफिसने ठरवली होती. तिथे कोकणातले कुणी नसावे, नाहीतर गणपतीच्या दिवसांत ती ठरली नसती. फेटलिंग आणि मोल्डिंगच्या कामगारांनी रांगेत उभे राहून फोटो काढून घेतले. गाडीवाल्यांनी एका कागदावर प्लेट नंबर आणि त्यापुढे बिल्ला नंबर लिहून दिला, तो सुलक्षणाने एका टेबलात भरला. दिवाळीच्या थोडे आधी निकाल आले, तेही फक्त प्लेट नंबरावर. ते तिने दुसऱ्या टेबलात भरले. भरताना कुठेही माणसाचे नाव नव्हते.

कारखान्याचे डॉक्टर श्यामकांत दिघे फोनवर म्हणाले, “गुप्ते, तुमच्या त्या मुलीला सांगा, ज्यांच्या छातीवर डाग आहे त्यांची नावं पत्त्यासकट हवीत. प्लेटला ताप येत नाही, माणसाला येतो.”

मी खोलीत गेलो. सुलक्षणाने स्वेटरच्या बाह्या वर सारल्या आणि प्रश्न टाइप केला. निकालाचे टेबल प्लेट नंबरावर गाडीच्या टेबलाला जोडायचे, ते बिल्ला नंबरावर कामगारांच्या टेबलाला जोडायचे, अट एकच, छातीवर डाग. मशीन थोडा वेळ गप्प राहिले. मग एकेक ओळ उमटू लागली. पडदा अर्धाही भरला नसेल तोच तिने कळ दाबून तो पुसला.

“काय झालं?”

“काही नाही साहेब. अट चुकली वाटतं.”

“मला तर बरोबर वाटली.”

“एकदा तपासून बघते. सोमवारी देते यादी, चालेल?”

चालेल म्हणालो. पण माझ्या जागेवरून काचेतून तिची पाठ दिसत होती. जेवणाच्या सुट्टीत ती उठली नाही. पडद्यावर तीच हिरवी ओळ उमटत होती, पुसली जात होती, पुन्हा उमटत होती. संध्याकाळी ती गाडीवाल्यांचा मूळ कागद मागायला आली. एक आकडा टाइप करताना उलटसुलट झाला असेल म्हणाली. कागद परत करताना तिचा चेहरा उतरला होता. आकडा बरोबर होता.

त्या ओळींत एक नाव दशरथ धुरी होते. खाते फेटलिंग, मुक्काम घाटकोपर. तिचा सख्खा भाऊ.

पुढचे काही तिने मला नंतर सांगितले, काही तिच्या वहिनीने. धुरींचे घर असल्फ्याच्या डोंगरावर, एक खोली आणि वर माळा. आईवडील गावी, कणकवलीच्या पुढे. खोलीत दशरथ, त्याची बायको शेवंती, त्यांची लहान मुलगी आणि सुलक्षणा. माळ्यावर चुलत भाऊ लवू. गिरणी गेल्यापासून लवूला कायमची नोकरी नव्हती. मिळेल तिथे बदलीवर जायचा.

त्या संध्याकाळी सुलक्षणा दशरथकडे बघत बसली. त्याने बांगड्याच्या कढीबरोबर दोनदा भात घेतला, मुलीला खांद्यावर बसवून खोलीभर फिरवले, शेजाऱ्याशी पाण्याच्या नळावरून मोठ्या आवाजात भांडून आला. दम लागला नाही. खोकला नाही. तरी तिने त्याचा पाण्याचा पेला घासून वेगळा ठेवला. दुसऱ्या दिवशी ताटही.

शेवंतीच्या लक्षात आले. “काय गं, दादाचं भांडं वेगळं ठेवतेस? सोवळं पाळायला लागलीस की काय?”

सुलक्षणाला आवरले नाही. तिने वहिनीला मोरीकडे नेऊन हळू आवाजात सांगितले. शेवंती खाली बसली. पदर तोंडाला लावला. मग एकाएकी वर बघून म्हणाली, “फोटोवाली गाडी कधी आली होती?”

“गणपतीत. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी.”

“दुसऱ्या दिवशी म्हणजे ऋषीपंचमी ना? अगं, ऋषीची भाजी मी माझ्या हाताने वाढली त्यांना. गावच्या घरात! तू इथे होतीस, विसरलीस? आम्ही सगळे गावी होतो.” पडद्यावर नाव बघितल्यापासून सुलक्षणाने तारखेचा विचारच केला नव्हता.

“मग दादाच्या बिल्ल्यावर कोण उभं राहिलं?”

प्रश्न विचारून होईपर्यंत तिला उत्तर कळले होते. वर माळ्यावर लवू खोकत होता. खोकून झाल्यावर त्याने मुलीला हाक मारली. ती लवूकाकाशिवाय झोपत नसे. दोन पायऱ्या चढूनही गेली होती. शेवंतीने धावत जाऊन तिला खाली ओढले, तेव्हा मुलीने भोकाड पसरले.

“अगो, येऊंदे तिका,” लवू वरून म्हणाला. “काय झाला काय?”

इथे आमच्या कारखान्याची एक रीत सांगायला हवी. गणपतीत सगळ्यांनाच गावी जायचे असते आणि सगळ्यांना सोडले तर भट्ट्या बंद पडतील. म्हणून थोड्या लोकांना रजा मिळे. बाकीचे आपला भाऊ, मेहुणा, गाववाला आपल्या बिल्ल्यावर पाठवून गावी जात. गेटावर बिल्ला बघत, तोंड बघत नसत. फोरमनला काम होण्याशी मतलब. हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसला ठाऊक होते, मलाही ठाऊक होते. वर्षानुवर्षे चाललेली गोष्ट. हजेरीच्या टेबलात दशरथ धुरी त्या सगळ्या दिवसांत हजर होता. पण एक्स-रेच्या गाडीपुढेही बिल्लाच उभा राहिला, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आले नाही.

दशरथ घरी आल्यावर भांडण झाले. तो तिच्याशी आवाज चढवून बोलत नसे, त्या दिवशी बोलला.

“तुला कुणी सांगितलं हे उकरायला?”

“उकरलं नाही रे दादा. समोर आलं.”

“समोर आलं तर पुसून टाक. तुझ्या हातात आहे ना मशीन? लवूला उद्याच पालिकेच्या दवाखान्यात नेतो. औषध चालू करतो. झालं! बिल्ला दुसऱ्याला दिला म्हणून कळलं तर वाट लागेल माझी. नंदकिशोर साहेब असली संधी सोडणार आहे?”

नंदकिशोर आमचे पर्सोनेल मॅनेजर. बदलीची रीत मोडून काढायची असे ते नव्याने आल्यापासून म्हणत होते. फक्त पुरावा मिळत नव्हता.

लवू माळ्याच्या शिडीवर बसून ऐकत होता. “माका काय एक होऊक नाय,” तो म्हणाला. “खोकलो काय, धुळीचो आसा. तुझ्या मशिनीक काय कळता गो?” त्याने हसायचा प्रयत्न केला आणि हसण्यातून पुन्हा खोकला आला.

शनिवारी दुपारी कचेरी निम्मी रिकामी झाल्यावर सुलक्षणा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. स्वेटर अंगातच होता.

“साहेब, टेबलातली एक ओळ काढून टाकली तर कुणाला कळतं का?”

“कोणत्या टेबलातली?”

तिने कॉम्प्युटरच्या खोलीकडे बघितले. मग म्हणाली, “आत येता का? इथे नको.”

मी चपला काढून आत गेलो. तिने दार लावले आणि घरचे सगळे सांगितले. सांगताना माझ्याकडे बघत नव्हती, की-बोर्डकडे बघत होती. शेवटी म्हणाली, “दादा म्हणतो ओळ पुसून टाक. लवूला तो नेईलच दवाखान्यात. बोलतो तसं करतो तो. एक ओळ गेली की आमचं घर सुटतं.”

“मग?”

“मग हे बघा.”

तिने पुन्हा तोच प्रश्न टाइप केला. या वेळी एक रकाना वाढवला, मूळ गाव. ओळी उमटल्या. कणकवली, देवगड, सावंतवाडी, गुहागर, पुन्हा देवगड. एखाददुसरी ओळ सोडली तर सगळे कोकणातले.

“फेटलिंगमधली माणसं मिळून एस.टी.ची गाडी ठरवतात, गणपतीला. वहिनी त्याच गाडीत होती. मी तिला ही नावं विचारली. जवळजवळ सगळे त्या गाडीत होते.” तिने पडद्यावर बोट ठेवले. “म्हणजे यांच्यातल्या कुणाच्याच छातीवर डाग नाही. डॉक्टर यांना बोलावतील, छाती साफ निघेल. डॉक्टर म्हणतील गाडीचं मशीन बिघडलं होतं. हे लोक म्हणतील हो, बिघडलं असेल. ते कशाला तोंड उघडतील? आणि यांच्या प्रत्येकाच्या घरी एक लवू असेल. त्याला सांगणार कोण?”

एअर कंडिशनरचा आवाज मला एकदम मोठा वाटू लागला.

“साहेब, तुम्ही काय कराल?”

मी वयाने मोठा, खात्याचा प्रमुख. उत्तर माझ्याकडे असायला हवे होते. मी म्हणालो, “डॉक्टरांकडे जाऊ. आत्ता.”

“दादाचं नाव सांगावं लागेल?”

“ते तिथे ठरवू.”

ती लगेच उठली नाही. तिने पडदा पुसला, मशीनवर कापड घातले, कापडाची टोके सारखी केली. पुन्हा एकदा सारखी केली. मग उठली.

डॉक्टर दिघे दवाखान्यात चहा पीत होते. त्यांनी ऐकून घेतले आणि कप खाली ठेवला.

“म्हणजे गेला आठवडाभर मी खोट्या माणसांच्या खऱ्या छात्या बघतोय!”

सुलक्षणा खाली मान घालून उभी.

“धुरीबाई, नावं द्या. कोणाच्या जागी कोण होतं ते.”

“मला एकच माहीत आहे. बाकीच्यांचं तेच जाणतात. आणि त्यांनी सांगितलं तर नंदकिशोर साहेब त्यांना काढतील.”

“नाही सांगितलं तर माणसं मरतील, त्याचं काय?”

“म्हणून तर आलो ना तुमच्याकडे!” ती एकदम म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली.

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, “गुप्ते, या मुलीचं मशीन धूळ खपवून घेत नाही म्हणून तुम्ही दुहेरी दार लावलंत. फेटलिंगला एक तरी लावलंत का हो?” उत्तर त्यांना नकोच होते. कप बाजूला सारून म्हणाले, “गाडी परत बोलावतो. आधीचे निकाल खात्रीचे नाहीत, असं लिहून देतो. त्यात खोटं काही नाही. या वेळी बिल्ला विचारायचा नाही. कामगाराने यावं, घरातल्या मोठ्या माणसांनी यावं. जुन्या प्लेटा माझ्याकडे आहेत. बरगड्या आणि डाग जुळवून मी ओळखीन कोण कोणता.”

सूचना फळ्यावर लागली आणि उलटेच झाले. ‘बिल्ला आणू नये’ या शब्दांनी माणसे जास्त घाबरली. ज्या कारखान्यात बिल्ल्याशिवाय पाणी प्यायला जाता येत नाही, तिथे बिल्ला आणू नका म्हणतात म्हणजे काहीतरी डाव आहे. घरच्या माणसांना आणायचे, नंदकिशोर साहेब कोपऱ्यात उभे राहून तोंडे बघून ठेवणार, असे शेडमध्ये बोलले जाऊ लागले. कुणी येणार नाही हे उघड दिसत होते. त्या दिवसांत सुलक्षणा कामात चुका करू लागली. पगाराच्या टेबलाऐवजी दुसरेच टेबल उघडून बसे आणि मी विचारले की दचके. घरी लवूने दवाखान्यात जायला साफ नकार दिला होता. नाव लिहून घेतात, तिथून कारखान्याला कळवतात, असे त्याच्या डोक्यात बसले होते. मुलीला खालीच झोपवत होते आणि ती रात्रभर रडत होती.

गाडी रविवारी यायची होती. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सुलक्षणा कँटीनमध्ये गेली. त्या कँटीनच्या कामगारांच्या बाजूला कचेरीतली बाई कधी जात नसे. मी हात धुवायला नळावर गेलो होतो, तिथून पाहिले. फेटलिंगवाल्यांच्या लांब टेबलापाशी ती उभी राहिली. दशरथ त्या टेबलावरच बसला होता. माणसे जेवायची थांबली.

“काय गो मशीनवाली, वाट चुकलीस?” कुणीतरी म्हणाले. हशा पिकला.

“रविवारी माझ्या घरनं लवू येणार आहे,” ती म्हणाली. “माझा चुलत भाऊ. गणपतीत दशरथदादा गावी होता, लवू त्याच्या बिल्ल्यावर होता. फोटो लवूचा निघाला. डाग लवूच्या छातीवर आहे. मशीन दादाचं नाव दाखवतं.”

एक ताट वाजले. दशरथ उठला होता.

“सुले, गप!”

“तुमच्यापैकी कुणाकुणाची नावं मशीनने दाखवलीत ते मी सांगणार नाही. पण तुमच्या जागी जो उभा होता त्याला आणा. त्याला नाव विचारणार आहेत, तुम्हाला बिल्ला विचारणार नाहीत. डाव असेल तर पहिला माझा भाऊ सापडेल. आता तर सापडलाच.”

ती तशीच वळली आणि चालू लागली. दशरथ भरल्या ताटावरून उठून दुसऱ्या दाराने निघून गेला. त्याच्या मागे कुणी हसले नाही.

संध्याकाळच्या आत नंदकिशोरांपर्यंत गोष्ट गेली. दशरथला बोलावणे आले. डॉक्टर दिघे आपणहून त्या केबिनमध्ये जाऊन बसले. बाहेर ऐकू येईल इतक्या आवाजात ते एकच वाक्य म्हणाले, “याला काढलंत तर माझ्या गाडीपुढे पुन्हा एक माणूस उभा राहणार नाही, आणि कारण मी लेखी लिहून देईन.” दशरथची नोकरी वाचली. त्याला काही दिवस घरी बसवले आणि ताकीद दिली.

रविवारी सकाळी गाडी आवारात उभी राहिली. मीही गेलो होतो. टेबलावर कागद घेऊन सुलक्षणा बसली होती. कोणी नव्हते. गाडीवाले विड्या ओढत होते. डॉक्टर येरझाऱ्या घालत होते. सुलक्षणा गेटाकडे बघायचे टाळत होती आणि सारखी तिकडेच बघत होती. तिने पेनचे टोपण इतक्या वेळा काढले-घातले की शेवटी मी ते पेन तिच्या हातून घेतले.

“दादा नाही आणणार,” ती म्हणाली. “शुक्रवारपासून बोलला नाही माझ्याशी. लवू एकटा तर येणारच नाही.”

ऊन वर आल्यावर गेटातून दोन माणसे आली. पुढे दशरथ, त्याने लवूचे मनगट पोलिसाने धरावे तसे धरले होते. टेबलाशी येऊन त्याने ते सोडले. बहिणीकडे बघितले नाही. डॉक्टरांना म्हणाला, “हा घ्या,” आणि मारुतीच्या देवळाच्या पायरीवर जाऊन बसला.

सुलक्षणाने मान खाली घालून विचारले, “नाव?”

लवू तिच्याकडे बघतच राहिला. “अगो, माका नाव काय इचारतंस? खरा नाव सांगू मा?”

“खरंच सांग.”

“लवू अंबाजी धुरी,” तो म्हणाला, आणि गाडीकडे बघून शर्टाची बटणे काढू लागला.

गेटाबाहेर पानाच्या दुकानाशी माणसे उभी राहून हे बघत होती हे आम्हाला तेव्हा कळले. लवू बाहेर आला, त्याला कुणी धरले नाही. मग एकजण आत आला, बरोबर मेहुणा. मग आणखी. दुपारपर्यंत रांग देवळाला वळसा घालून गेली होती.

प्लेटा आल्यावर डॉक्टर जुन्या-नव्या शेजारी लावून बघत बसले. लवूची ओळखायला वेळ लागला नाही. बहुतेक जुळल्या. ज्याच्या-त्याच्या वॉर्डातल्या दवाखान्यात औषध सुरू झाले. लवूला रोज इंजेक्शन. तो सुरुवातीला चुकवायचा, मग शेवंती त्याच्याबरोबर जाऊन दारात उभी राहू लागली.

डॉक्टरांना सगळ्यांची माहिती मशीनवर हवी होती, म्हणजे कुणी औषध सोडले तर लगेच दिसेल. सुलक्षणाने लवूची ओळ भरली आणि मशीनने ती घेतली नाही. मी मागे उभा होतो. बिल्ला नंबराचा रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, आणि जो नंबर कामगारांच्या टेबलात नाही तो चालत नव्हता. हे नियम तिनेच बसवलेले होते. तिने दशरथचा नंबर घालून बघितले असते तर मशीनने मुकाट्याने घेतला असता. तिची बोटे क्षणभर थांबली खरी. मग तिने ती ओळ सोडून दिली आणि नवे टेबल तयार केले. नाव, वय, जुळलेल्या प्लेटचा नंबर, कुणाकडे राहतो, वजन, औषध घेतल्याची तारीख. त्यात बिल्ल्याचा रकानाच ठेवला नाही. ते टेबल तिच्याशिवाय फक्त डॉक्टरांना उघडता येईल अशी व्यवस्था केली. तरी कुणी नवखा माणूस खोलीत आला की ती पडदा पुसे.

पुढच्या वर्षी नंदकिशोरांनी सर्वांना फोटो लावलेले पास दिले. बदलीची रीत बंद झाली. भाद्रपदात एस.टी.ची ठरवलेली गाडी अर्धी रिकामी गेली. धुरीच्या पोरीने आमचे गणपती बंद केले, असे फेटलिंगमध्ये अजून म्हणतात. तिला ते ऐकू येते. दशरथही त्या वर्षी गावी जाऊ शकला नाही. तो बहिणीशी आता कामापुरते बोलतो: चावी कुठे आहे, पाणी आले का. लवूचे वजन वाढले. त्याला भांडुपला एका गोदामात काम मिळाले आहे, स्वतःच्या नावावर. मुलगी पुन्हा माळ्यावर झोपते. सुलक्षणा मला हे सांगते तेव्हा क्षणभर हसते.

पण डॉक्टरांकडे एक जुनी प्लेट तशीच उरली आहे. ती ज्याच्या बिल्ल्यावर आहे तो देवगडचा माणूस शपथ घेऊन सांगतो की त्या दिवशी आपणच उभे होतो. त्याची स्वतःची छाती स्वच्छ आहे. डॉक्टर त्याच्या घरी जाऊन आले, मी गेलो, शेवंतीसुद्धा त्याच्या बायकोला भेटून आली. तो शब्द बदलत नाही. कदाचित घाबरला असेल. कदाचित त्याच्या जागी कोण उभे होते ते त्यालाच धड माहीत नसेल. गाववाल्याचा गाववाला असेल, कुठल्यातरी चाळीत, कुठल्यातरी माळ्यावर.

माझ्या निवृत्तीला आता थोडे महिने राहिले आहेत. सकाळी आल्यावर सुलक्षणा मशीनवरचे कापड काढते, स्वेटर चढवते आणि पगाराच्या कामाला हात लावायच्या आधी एक प्रश्न टाइप करते. मला तो आता पाठ झाला आहे. ज्या प्लेटवर डाग आहे आणि जिच्यापुढे माणूस नाही, ती दाखव.

मशीन थोडा वेळ गप्प राहते. मी माझ्या जागेवरून काचेतून बघत असतो. मग पडद्यावर एक हिरवी ओळ उमटते.